आ-चूची आकाशभक्ती

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तैवानमधल्या ताइनान शहराच्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. भूमिदेवाच्या लहानशा देवळात टेबलावर काचेची पेटी होती आणि पेटीत बोआ जातीची पूर्ण वाढलेली सापीण, आ-चू. त्सेंग गुरुजींनी मंत्र सुरू केला की ती मान उचलायची, मागे वाकवायची आणि थेट छताकडे बघत राहायची. गर्दीच्या हातातल्या उदबत्त्या कपाळापर्यंत जायच्या.

"आपण नाकासमोर बघतो, म्हणून आपल्याला देव दिसत नाही," गुरुजी सांगत होते. "हिला दिसतो. परवा हिने वर बघितलं आणि मागच्या गल्लीतल्या बाईची धरलेली कंबर सुटली."

"कुठल्या बाईची?" मी बातमीदाराची वही काढून विचारलं.

"नाव सांगितलं की गुण जातो."

सापीण लाई तेंग-फू यांची. बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक, गल्लीचे आ-पेह, म्हणजे काका. घरात ते आणि नऊ वर्षांची आ-चू, एवढेच. मार्चमध्ये तिने खाणं टाकलं, मग मान वाकडी व्हायला लागली. प्राण्यांच्या डॉक्टर फान शू-यिंग यांनी तपासून सांगितलं की विषाणू मेंदूपर्यंत गेलाय, औषध नाही, हाल वाढत जातील. इंजेक्शन देऊन तिला सोडवणं एवढंच हातात होतं. लाईंना ते झेपलं नाही. आजारी मूल देवाला दत्तक देऊन लाल धागा बांधतात, तशी त्यांनी आ-चू देवाला दिली.

आता ती देवाची झाली होती. परत न्यायची तर चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकून विचारायचं. एक उपडा, एक उताणा पडला तर होकार, आणि असा होकार सलग तीनदा हवा. लाई अकरा दिवस रोज टाकत होते.

"देव सोडत नाही तिला," ते मला हळूच म्हणाले. "आणि ती डोळ्यांदेखत वाळत चाललीय. मी करू तरी काय?"

डॉक्टर फान आल्या. दोन मंत्र होईपर्यंत त्या टेबलाच्या पायांकडे बघत होत्या.

"गुरुजी, जरा टेबलापासून लांब उभं राहून म्हणता?"

"का?"

"प्रत्येक मंत्राच्या सुरुवातीला तुमचा गुडघा टेबलाच्या पायावर आपटतोय."

"भक्तीत शरीर हलतं, डॉक्टरबाई."

"हलू दे की. फक्त लांब हलू दे."

लोक बघत होते, म्हणून गुरुजी मागे सरकले. मंत्र म्हटला. पुन्हा म्हटला. आ-चू निपचित पडून राहिली.

"तुमच्या शंकेने देव रुसला," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात कचऱ्याची गाडी रोजची धून वाजवत गल्लीत शिरली. फरशी थरथरली. आ-चूने मान उचलली, मागे वाकवली आणि छताकडे बघत राहिली.

"अगंबाई," हातात कचऱ्याची पिशवी घेतलेली एक म्हातारी म्हणाली, "ही तर कचऱ्याच्या गाडीचीपण भक्त निघाली."

देऊळ हसलं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी आ-चूला अलगद उचलून कापडावर पाठीवर ठेवलं. "निरोगी साप लगेच पालथा होतो. बघा."

आम्ही बघत राहिलो. आ-चूचं पांढुरकं पोट वरच राहिलं. हसू थांबलं.

"ती आकाशाकडे बघत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वर कुठे आणि खाली कुठे, हेच तिला कळत नाही. धक्का बसला की मान आवळली जाते."

गुरुजींनी लाकडी तुकडे पुढे केले. "आ-पेह, बाईंचं ऐकायचं की देवाचं? विचारा त्यालाच."

लाईंनी तुकडे टाकले. दोन्ही उपडे पडले.

"नकार," गुरुजी म्हणाले.

लाईंनी वाकून तुकडे उचलले आणि गुरुजींच्या हातात ठेवले. "कळला नकार. पण हाल तिचे होतायत, लाकडाचे नाही." पेटीचा लाल धागा त्यांनी ओढून तोडला आणि आ-चूला आपल्या जाकिटात गुंडाळलं. "डॉक्टर, आजच होईल?"

"होईल. तुम्ही तिला धरून बसा."

आ-चू पहिल्या दिवशीही वाचणार नव्हती. पण अकरा दिवसांचे हाल वाचले असते. 'सापीण स्वर्गाकडे बघते' ही फोटोखालची ओळ आमच्याच दैनिकात छापून आली होती, आणि ती मी लिहिली होती, एकाही डॉक्टरला फोन न करता. मुका जीव विचित्र वागू लागला, तर उदबत्ती लावण्याआधी तो फोन करा.