निळा काटा घरचा

मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. साधेसुधे नव्हे, चांगले भारीपैकी. माझ्या तबकडीवर दोन ठिकाणची वेळ एकदम दिसते. पांढरा तासकाटा मालक असेल त्या गावची वेळ सांगतो आणि निळा काटा त्याच्या घरची. या निळ्या काट्याचा मला फार तोरा होता, मित्रांनो. आता त्याचीच लाज वाटते.

माझा जन्म एका शांत कारखान्यात झाला. एका कारागीर बाईंनी डोळ्याला भिंग लावून माझी चाके एकेक करून बसवली. शिंक आली तरी त्या बाहेर जात. पुढे एका कंपनीने वीजकेंद्राचे काम वेळेआधी पुरे केल्याबद्दल आपल्या इंजिनिअर साहेबांना मला भेट दिले. साहेब यंत्रे उभारायला देशोदेशी फिरत. घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी. मला मनगटावर चढवल्याबरोबर त्यांनी निळा काटा घरच्या वेळेवर लावला. गाव बदलले की ते डावीकडची कळ दाबून पांढरा काटा पुढेमागे करत. निळ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियमच होता.

माझे तेव्हा फार कौतुक व्हायचे. बैठकीत लोक माना वाकड्या करून मला बघत. साहेब मात्र निळ्या काट्याकडेच बघत. "आता शाळा सुटली असेल," असे पुटपुटत. "आता जेवायला बसल्या असतील दोघी." एवढे म्हटले की घरात डोकावून आल्यासारखा त्यांचा चेहरा निवळायचा, आणि ते पुन्हा नकाशात डोके घालायचे. फोन करायचा राहून जायचा. मला तर वाटे, बसल्या जागी घर दाखवते मी साहेबांना, याहून मोठे काम ते काय!

मुलगी दहा वर्षांची असताना शाळेच्या नाटकात राणी झाली होती. "बाबा, पाच वाजता नाटक संपेल. लगेच फोन करा हं, मी घरी येऊन वाट बघणार आहे," असे तिने आधीच बजावले होते. त्या दिवशी साहेब एका नव्या यंत्राच्या चाचणीत गुंतले होते. निळा काटा पाचावर आला. त्यांनी मला पाहिले आणि शेजारच्या मिस्त्रीला हसून म्हणाले, "आमच्या राणीसाहेबांचं नाटक आत्ता संपलं बघा. टाळ्या चालू असतील."

"मग करा की फोन," मिस्त्री म्हणाला.

"करतो ना. एवढी चाचणी होऊ दे."

चाचणी पाच तास चालली. साहेबांनी पुन्हा मला पाहिले, आता ती झोपली असेल म्हणाले आणि विषय सोडून दिला.

असे एकदा नाही, पुष्कळदा झाले. हळूहळू मुलीने काही सांगणेच बंद केले. साहेब निवृत्त होऊन घरी आले तेव्हा माझे दोन्ही काटे एकच वेळ दाखवू लागले, पण बापलेकीत हवापाण्यापलीकडे बोलण्यासारखे काही उरले नव्हते. मी कपाटात पडले. दोन वर्षांनी साहेब वारले.

गेल्या महिन्यात मुलगी मला डब्यासकट घड्याळांची पारख करणाऱ्या एका काकांकडे घेऊन आली.

"काका, बाबांचं घड्याळ विकायचंय. किती येतील तेवढं सांगा."

काकांनी मला पालथे केले, झाकण उघडले, भिंग लावले. "कळ झिजलीय अगदी. वडिलांनी गावं फार बदललेली दिसतात, ताई. पण ओरखडे तसेच ठेवलेत ते बरं केलंत. घासून लखलखीत केलं की किंमत उतरते." मग डब्याच्या तळाशी त्यांना चार शहरांतल्या दुरुस्तीच्या चार चिठ्ठ्या सापडल्या. प्रत्येकीवर साहेबांच्या अक्षरात एकच सूचना होती. काकांनी ती वाचून दाखवली, "निळा काटा घरचा आहे. लेकीच्या वेळेवर लावूनच परत द्यावे."

मुलीने चिठ्ठ्या हातात घेतल्या. एकेक करून चारही वाचल्या.

"म्हणजे मी घरी कधी येते, जेवते कधी, हे रोज माहीत होतं त्यांना?"

"असणारच. डोळ्यांसमोरच होतं की."

"मग फोन का नाही केला?"

काकांनी माझे झाकण पुन्हा बसवले. त्यांना कुठून माहीत असणार? उत्तर फक्त माझ्यापाशी होते. माझ्याकडे बघितले की साहेबांना घरी बोलून झाल्यासारखे वाटायचे. ते खोटे समाधान त्यांना मी दिले. इतकी वर्षे दिले. याचे मला फार वाईट वाटते.

काकांनी भाव सांगितला. तिने होकाराची मान हलवली आणि चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवल्या.

"ताई, कागदांशिवाय किंमत बरीच कमी होते," काका म्हणाले.

"होऊ द्या. घड्याळ ठेवा तुम्ही."

मित्रांनो, मला पुसा, माझे तेलपाणी करा, असे मी सांगणार नाही. माझी निगा साहेबांनी पुष्कळ राखली. तुमचेही कोणी दूर असेल, तर तिकडे किती वाजले एवढे बघून थांबू नका. पलीकडे कोणीतरी फोनजवळ उभे असते. फोन लावा.