भिंतीची चौदा चित्रं

आबांची वाचा गेली त्याला वर्ष होत आलं होतं. उजवा हातही अर्धा लुळाच. पेन्सिल निसटायची, म्हणून हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी ऑइल पेस्टल आणायला सांगितले. सुनेला म्हणाल्या, "जाड असतात, मुठीत मावतात. मारू देत रेघोट्या."

आबा जन्मभर गवंडीकाम केलेले. पेस्टल हाती आले आणि ते मागच्या खिडकीशी जे बसले, ते उठेचनात. समोर टेकडी, आणि तिला अडवून धरणारी दगडी भिंत. रोज तीच भिंत. आधी करड्या रंगाचा जाड थर, वर पांढरा, मग अंगठ्यानं घोटायचं, आणि नखानं खरवडून दगडांचे सांधे काढायचे. रंग काही वाळत नसे. सून प्रत्येक चित्रावर बटर पेपर घालून ते पलंगाखाली सरकवायची.

"आबा, एखादं झाड तरी काढा की!"

आबा असे बघायचे की तिचं हसू ओठांतच राहायचं.

चौदाव्या दिवशी काळी कांडी संपली. आबांनी तिचं रिकामं वेष्टन सुनेच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं घट्ट दाबून धरली. सोडेचनात.

ती चरकली. सगळी चित्रं काढून तिनं फरशीवर ओळीनं मांडली. पहिल्यात कोपऱ्यात केसाएवढी काळी रेघ. सातव्यात ती भिंतीच्या निम्म्यावर आलेली. चौदाव्यात चीर आरपार गेली होती आणि मधले दगड पुढे फुगले होते. भिंतीला पोट आलं होतं. तिनं खिडकीतून पाहिलं. तंतोतंत तसंच. रोज बघून बघून तिच्या नजरेला ते कळलंच नव्हतं.

नवऱ्यानं फोनवर एकच विचारलं, "आबा म्हणतायत ना? मग निघा."

नगरपालिकेत तिला सांगितलं, सोमवारी माणूस पाठवतो. वरच्या मजल्यावरचे कुरकुरत का होईना, पण गेले. खालच्या शिंप्याला सांगताना मात्र तिला लाज वाटली. मुक्या म्हाताऱ्याची चित्रं, आणि त्यावरून दुकान बंद करा म्हणायचं!

"आबांचं आपलं काहीतरी," ती हसत म्हणाली, "पण दोन दिवस आत बसू नका."

"वहिनी, ती भिंत माझ्या आजोबांच्या वयाची आहे," शिंपी म्हणाला आणि मशीन चालवू लागला.

नणंदेच्या घरी दोन दिवस थट्टेत गेले. "आबांनी बरं पळवलं तुम्हाला!" आबा जेवले नाहीत. शिंप्याचा फोन आला, "अहो, उभी आहे बरं का अजून!" मागे मशीनची खडखड ऐकू येत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला भिंत बसली. दुकानाची मागची खोली दगडमातीखाली गेली. शिंप्याला बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर सगळं संपलं होतं.

आठवड्यानं चौकशीचा अधिकारी चित्रं न्यायला आला. बटर पेपर उचलताना काळा रंग त्याच्या पांढऱ्या बाहीला लागला. त्यानं पुसला, तसा तो आणखीच पसरला.

"शिंप्याला आधी सांगितलं होतं का कुणी?"

"मी सांगितलं होतं."

"मग ऐकलं नाही त्यानं?"

आबा तिच्याकडेच बघत होते.

"नीट सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "हसत सांगितलं."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं नाही.