एका डब्यातल्या गोळ्या

साहेब, तुम्ही बायांना फसवलंत. तेही दम्याच्या बायांना. एक वाक्य बोलायचं तर ज्यांना मध्ये दोनदा थांबावं लागतं, अशांना.

साल एक्क्याऐंशी. पंचवटीच्या मागच्या वस्तीत नवसाबाई आणि तिची धाकटी जाऊ धोंडाबाई विड्या वळत. सुपातली तंबाखूची भुकटी उडायची ती थेट छातीत जायची. दोघींनाही दमा. त्यात धोंडाबाईला दम लागला की पान हातातच राही. मग संध्याकाळी नवसाबाई दोघींच्या विड्या एकत्र करी आणि निम्म्या निम्म्या दोघींच्या नावावर कारखान्यात देई. कुणी किती वळल्या, हे त्या घरात कुणी विचारत नसे.

दवाखान्यातल्या डॉक्टर साहेबांनी दोघींना बोलावून घेतलं. "अडुळशाच्या पानांतून सत्त्व काढून या गोळ्या केल्यात. श्वासनळीची सूज उतरते का, ते बघायचंय. मात्र दम्याच्या जुन्या गोळ्या बंद करा. नाहीतर गुण कशाचा, ते कळायचं नाही."

धोंडाबाई हसली. "अडुळसा तर आमच्या कुंपणाला हाय, सायेब. शेळीबी तोंड लावत नाय त्याला!"

"म्हणून तर गोळी केलीय," साहेबही हसले. दोघींच्या हातात एकसारख्या दोन बाटल्या आल्या. धोंडाबाईनं जुन्या गोळ्या चुलीत टाकल्या. साहेबांचा शब्द!

नवसाबाईची छाती हलकी झाली. भरली घागर घेऊन ती न बसता घरी येऊ लागली. धोंडाबाईच्या छातीतली शिट्टी मात्र तशीच.

"गोळ्या चुकवतीस तू. लबाड!"

"तुमच्या पोरांची आन, बाई, एक नाय चुकवली."

"मंग माझं औषध लय गुणाचं दिसतंय. आण तुझी बाटली."

आणि विड्यांचं केलं तेच तिनं गोळ्यांचं केलं. दोन्ही बाटल्या बिस्किटाच्या डब्यात ओतल्या, डबा हलवला. दोघी त्यातूनच घेऊ लागल्या. धोंडाबाईची शिट्टी जरा उतरली. नवसाबाईची छाती पुन्हा आवळू लागली, पण तिनं डबा दोघींचाच ठेवला. जाऊ हसत होती, तेवढं बस झालं.

मग एका सकाळी सूप उपडं झालं. धोंडाबाईचे ओठ निळे पडले होते, डोळे वर गेले होते. नवसाबाईनं तिला रिक्षात घातलं आणि डबाही उचलला. कुठलं औषध चालू आहे, ते दाखवायला.

दवाखान्यात धोंडाबाईच्या नाकाला नळी लागली. नवसाबाईनं दोघींच्या गोळ्यांचा डबा पुढं केला. साहेबांनी आधी डबा बघितला, मग बाई.

"दोन्ही बाटल्या मिसळल्या? कुणी सांगितलं होतं? अहो, एकीत औषध होतं, दुसरीत नुसती पिठाची गोळी! फरक बघायचा होता. सगळी मेहनत पाण्यात घातलीत!"

नवसाबाईला शब्द सगळे कळले. अर्थही कळला. तरी ती साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिली. शिकलेला, स्वच्छ कपड्यातला माणूस. धाप लागलेल्या बाईची जुनी गोळी बंद करतो आणि तिच्या हातावर पीठ ठेवतो? आणि आपण जावेला लबाड म्हणालो!

"आमाला का नाय सांगितलं?"

"सांगून कसं चालेल? सांगितलं की मनानंच बरं वाटायला लागतं."

"हिला कुठं बरं वाटलं?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बाई, संशोधन असंच असतं. तुम्हाला नाही समजायचं."

ते निघाले तशी नवसाबाई दारात आडवी आली. दोन्ही हात चौकटीला. तिचीही छाती आता वाजत होती.

"नाय समजत. पीठच द्यायचं व्हतं तर मला विचारायचं. मी खाल्लं असतं. हिची जुनी गोळी तरी चालू राहिली असती." ती थांबली, श्वास ओढला. "खरं औषध तुमच्या कपाटात हाय. ते हिला आज देनार का नाय? हो म्हना, नायतर नाय म्हना. पन माझ्याकडं बघून बोला!"