थिर्झाच्या आजीचे टाके

कपडे वाळत घालायच्या दोन मोडक्या घोड्या आणि हिरव्या बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, एक तुकडा, एवढ्यातून माझा जन्म झाला, मित्रांनो. इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या एका गिरणगावात शाळेचा शिपाई एनॉक यानं बिजागऱ्या ठोकून मला उभं केलं. मी आडपडदा आहे, आता बराच जुना. त्या वर्षी शाळेतल्या मुलांना तपासायला डॉक्टर येऊ लागले होते. कपडे उतरवायला मुलांना आडोसा हवा, म्हणून माझी गरज पडली.

गावाला ही तपासणी मुळीच रुचली नव्हती. "आमची पोरं काय घाणेरडी आहेत, म्हणून तपासता?" असं बायका तणतणत. बऱ्याच जणींनी मुलांना त्या दिवशी घरीच ठेवलं.

थिर्झा होलरॉइड मात्र आली. सात वर्षांची, सारखी खोकणारी पोर. तिची आई गिरणीत, म्हणून सोबत आजी आली होती, पहारा द्यायला. नर्स क्लेगबाई थिर्झाला माझ्या आड घेऊन आल्या, तशी पोरीनं गळ्याशी मूठ आवळली.

"निघत नाही हे. आजीनं शिवलंय. मे महिन्यापर्यंत उसवायचं नसतं."

खरंच होतं ते. छातीला ऊब राहावी म्हणून हंसाची चरबी, त्यावर खाकी कागद, त्यावर फलालिनीचं गरम कापड, आणि सगळं अंगावरच शिवून टाकलेलं. चरबीचा वास माझ्या बनातीत भरला. पलीकडे रांगेतली मुलं फिदीफिदी हसली. थिर्झाचे कान लाल झाले.

आजी माझ्या आड येऊन उभी राहिली. "कात्री लावाल तर याद राखा, बाई. माझी थोरली अशीच एका हिवाळ्यात छातीनं गेली. तिला शिवलं नव्हतं मी."

क्लेगबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच उसवा, आजीबाई. इतके बारीक टाके माझ्या हातून नीट निघायचे नाहीत. शेगडी इथे जवळ ओढते. गारठू देणार नाही तिला."

आजीनं क्लेगबाईंकडे निरखून पाहिलं. मग चष्मा चढवला आणि एकेक टाका उसवायला घेतला. कागद निघाला, तर खाली पोरीची कातडी खाजवून खाजवून लालेलाल झालेली.

"बोलली का नाहीस गं?" आजीनं विचारलं.

"तू रागावली असतीस."

आजीनं उरलेला कागद हलक्या हातानं सोडवला. क्लेगबाईंनी अंग पुसून मलम लावलं. मग आत आलेल्या डॉक्टर बेअर्ड यांनी छाती तपासायची नळी तळहातावर चोळून गरम केली आणि बराच वेळ छाती ऐकली.

"फुप्फुसं उत्तम आहेत," ते म्हणाले. "खोकला या वर्गातला आहे. भिजलेले कोट इथेच वाळत टाकता, आणि खिडक्या हिवाळाभर बंद. मीसुद्धा खोकेन इथे."

"काय म्हणालात? फुप्फुसं?" आजीनं पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा ती मटकन बाकावर बसली आणि माझ्या कडेला हात टेकून रडली. माझ्या आड होती, म्हणून रांगेतल्या कुणी पाहिलं नाही.

कोट ओसरीत गेले. रंगानं चिकटलेल्या खिडक्या एनॉकनं पटाशीनं सोडवल्या. थिर्झाचा खोकला महिनाभरात थांबला. आजीनं फलालिनीला टाक्यांऐवजी बटणं लावली आणि शेजारणींना दटावलं, "बाईंचा हात हलका आहे. न्या पोरांना, उगाच अडून बसू नका." पुढच्या खेपेला रांग दारापर्यंत गेली.

मी खूप वर्षं काम केलं. मग दवाखान्याची वेगळी इमारत झाली आणि मी कोळशाच्या खोलीत पडलो. बनातीला कसर लागली. हल्लीच एका शिक्षिकेनं मला झटकून, ठिगळ लावून बालवर्गात आणलं. मुलं माझ्या आड लपतात. बरं चाललंय माझं.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. माझ्यावरची धूळ अधूनमधून झटका. आणि कुणी वेदना झाकून, मूठ आवळून उभं असेल, तर हसू नका. शेगडी जरा जवळ ओढा, आणि टाके ज्यानं घातले असतील, त्यालाच उसवू द्या.