ऐंशी डाव्या बाह्या

गणवेशाचे चाळीस शर्ट परवा शाळेत पोचवायचे होते, आणि कटिंग मास्तरांनी ऐंशीच्या ऐंशी बाह्या डाव्या कापून ठेवल्या होत्या!

कापडाचे थर समोरासमोर लावले की डावी-उजवी बाही जोडीनं निघते, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. मास्तरांनी सगळे थर सुलटी बाजू वर करून लावले होते. शिवणाऱ्यांत हसू फुटलं.

"मास्तर, यंदा शाळेत दोन्ही हात डावे असलेली मुलं आलीत वाटतं!"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. वीस वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

काज-बटणं करणाऱ्या मावशी वयानं सगळ्यांत मोठ्या, आणि तोंडानं त्याहून मोठ्या. त्यांनी मास्तरांना इस्त्रीच्या टेबलामागे नेलं.

"किती दिवस झोपला नाहीस रे?"

"महिना होत आला, मावशी."

मग सगळं बाहेर आलं. मध्यंतरी मास्तरांचं मन कशातच लागेना. जेवण नको, बोलणं नको. डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली. मन हळूहळू सावरलं, पण झोप पार उडाली.

"आजपासून गोळी बंद! कात्री सुटली हातातून तर खाऊ काय?" मास्तर म्हणाले.

"आणि मन पुन्हा बसलं म्हणजे? डॉक्टरांना विचारलंस?"

"झोपेचं काय विचारायचं त्यांना?"

"घेतोस कधी गोळी?"

मास्तर घुटमळले. "घरचे झोपले की. सुयांच्या डबीत लपवलीय. बायकोलासुद्धा माहीत नाही. लोक म्हणतील, मास्तरांचं डोकं फिरलं."

मावशींनी आपला बटणांचा डबा उघडला. पांढऱ्या बटणांवर गोळ्यांची पट्टी पडली होती.

"ही माझी ब्लडप्रेशरची. नऊ वर्षं सगळ्यांदेखत घेते. मला कुणी नावं ठेवली?"

"तुमचं वेगळं, मावशी."

"काय वेगळं? माझं रक्त उगाच धावतं, तुझं मन बसून राहतं. दोन्ही दुखणीच ना? दाखव डॉक्टरांची चिठ्ठी!"

पाकिटात चार घड्या घालून ठेवलेली चिठ्ठी मास्तरांनी काढली. मावशींनी चष्मा चढवला आणि कपाळावर हात मारला.

"अरे, इथे लिहिलंय 'सकाळी, नाश्त्यानंतर'! कापडासारखी गोळीही उलटीच लावलीस की!"

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला लावला. डॉक्टर रागावले नाहीत. काही गोळ्यांनी झोप येते, काहींनी उडते, तुमची झोप उडवणाऱ्यांतली, म्हणून सकाळची वेळ दिली होती, असं ते म्हणाले. रात्रीची वेळ बदलून सकाळी कशी आणायची, तेही त्यांनी नीट सांगितलं. संध्याकाळचा चहा सोडा, रोज ठरल्या वेळी उठा, दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर पुन्हा या. "पण मनानं गोळी बंद करू नका," हे त्यांनी दोनदा बजावलं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी सुयांची डबी बायकोपुढे ठेवली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

"मला वाटायचं, माझ्यावर राग धरून तुम्ही रात्रभर पाठ फिरवून जागता," ती म्हणाली आणि रडू लागली. मग डोळे पुसून तिनं ती पट्टी चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवली, सकाळी सहज दिसावी म्हणून.

झोप एका दिवसात परतली नाही. पण तिसऱ्या आठवड्यात बायकोला त्यांना हलवून उठवावं लागलं! शर्टही वेळेवर गेले होते. मावशींच्या सांगण्यावरून मास्तरांनी उरलेल्या कापडातून चाळीस उजव्या बाह्या कापल्या, आणि जास्तीच्या डाव्या पुढच्या मागणीसाठी ठेवल्या.

हलवून उठवावं लागलं त्या सकाळी मास्तर कामावर आले ते थेट मावशींपाशी गेले. "मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी सांग, गोळी घेतलीस?"

"घेतली. बायकोनं हातावर ठेवली. तुम्ही?"

"अगंबाई, विसरलेच!" म्हणत मावशींनी बटणांचा डबा उघडला. मास्तरांनी पाण्याचा पेला भरून त्यांच्या हाती दिला.

वाचकहो, मनाच्या औषधात लाजण्यासारखं काहीच नाही. त्यानं झोप बिघडली तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, आपल्या मनानं ते थांबवू नका. आणि शेजारी कुणाचं काम असं चुकू लागलं, तर हसण्याआधी एवढंच विचारा: झोप लागते ना रे?