फिरून आलेलं पाणी

"म्हणजे गड्यांच्या खोल्यांतून फिरून आलेलं पाणी माझ्या आईच्या पायाखाली?" सरपंच एल्मारने नकाशावर बोट आपटलं. "उष्टं पाणी?"

गेभार्डने पेन्सिल कानावर खोचली. "पाणी पाइपात असतं, एल्मार. तुझी आई ते पिणार नाहीये."

"पण आधी तिकडून फिरलंय ना?"

टेबलाभोवती सात पंच बसले होते. सगळे गाईवाले, सगळे रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. एकालाही हसू आलं नाही. इमारती तापवायची यंत्रणा आखणाऱ्या गेभार्डच्या कचेरीत मी नकाशे काढत असे, म्हणून कागदांच्या गुंडाळ्या मांडीवर घेऊन भिंतीपाशी बसले होते. आज मी ब्याऐंशी वर्षांची आहे. त्या खोलीतला ओल्या लोकरीचा नि चिरुटांचा वास अजून आठवतो.

आमच्या दरीतल्या वृद्धाश्रमाला त्या वर्षी दुसरी इमारत होत होती. जुनी दगडी होती. तिथे म्हातारे गडी नि मोलकरणी राहत, जन्मभर दुसऱ्यांच्या गोठ्यात राबलेली, स्वतःचं दार नसलेली माणसं. नवी इमारत लाकडाची, दक्षिणेला सज्जे असलेली. ती शेतमालकांच्या विधवांसाठी. दोन्हींना मिळून तळघरात एकच बॉयलर, लाकडावर चालणारा.

गेभार्ड आठ महिने त्या एका नकाशावर बसला होता. जुन्या इमारतीत ओतीव लोखंडाचे रेडिएटर होते, त्यांना पासष्ट अंशांचं पाणी लागे. नव्या इमारतीत ऊब जमिनीखालच्या पाइपांतून यायची होती, तिथे पस्तिसाच्या वर गेलं तर लाकडी जमीन तडकली असती. आंघोळीच्या पाण्याचं तिसरंच. आणि बॉयलरला हे असले लाड ठाऊक नसतात. तो पेटला की भडकून पेटतो, दिवसातून दोनदा. म्हणून गेभार्डने मध्ये दोन पुरुष उंचीची एक टाकी उभी केली होती. उष्णता साठवायची नि ज्याला जेवढी हवी तेवढी द्यायची. तो साधा माणूस होता. एकच कोट, एकच सायकल. बढाया कधी मारल्या नाहीत. पण त्या टाकीबद्दल बोलताना त्याचे कान लाल व्हायचे.

"दुधाचं भांडं आठवा," तो पंचांना म्हणाला. "साय आपोआप वर येते, मध्ये पडदा लागत नाही. तसंच टाकीत. वर कढत, मध्ये कोमट, तळाला गार. वरचं पाणी आधी रेडिएटरना. तिथून ते पंचेचाळीसवर उतरून येतं, ते टाकीच्या मध्यावर सोडायचं. जमिनीखालच्या पाइपांना तेवढं भरपूर झालं, त्यांना तिथूनच द्यायचं, शिरताना थोडं गार मिसळून पस्तिसावर आणायचं. त्यांच्यातून गार होऊन आलं की तळाला. एकदा तापवलेल्या पाण्यावर दोन घरं शेकतात."

"आमच्या बाजूला थेट वरून पाइप दे. वेगळा."

"दिला तर मधलं पाणी घेणार कोण? ते साचत जाईल. हळूहळू सगळी टाकी कोमट. बॉयलरकडे परत येणारं पाणीच गरम असलं की तो नीट पेटत नाही, नुसता धुमसतो. तुझ्या आईला कळणारसुद्धा नाही, कोमटावर तिची जमीन छान तापेल. गारठतील ते तिकडचे."

"तिकडच्यांना सवय आहे," एल्मार म्हणाला. "तुझ्याच आईला विचार. आमच्या माळ्यावर छत्तीस हिवाळे काढले तिने."

आता मात्र पंचांना हसू आलं. गेभार्डची आई आगाता एल्मारच्या घरी मोलकरीण होती. एल्मारची लंगोटी तिनेच धुतलेली. त्या वेळी ती जुन्या इमारतीत, उत्तरेकडच्या शेवटच्या खोलीत राहत होती.

गेभार्डने नकाशाची गुंडाळी केली. घाईने नाही, कडा जुळवून. "मी यावर सही करणार नाही," तो म्हणाला आणि मला म्हणाला, "चल, ओटिली."

इथवर सांगायला मला लाज वाटत नाही. पुढचं सांगायलाच हवं म्हणून सांगते.

चार दिवसांनी गेभार्ड दुसऱ्या कामासाठी दरीबाहेर गेला असताना एल्मार कचेरीत आला. टोपी काढून बसला. माझ्या आईची चौकशी केली. तिचे गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता, आणि आम्ही काही शेतमालक नव्हतो.

"नव्या इमारतीत एक खोली आहे," तो म्हणाला. "खालच्या मजल्यावर, दिवसभर ऊन. तुझ्या आईला शोभेल."

"आणि?"

"आणि काय? चार रेषा. तुझा हात स्वच्छ आहे, ओटिली. गेभार्डच्या नकाशासारखाच दिसला म्हणजे झालं. सहीचं मी बघतो, डोंगरापलीकडचा एक फिटर आहे माझ्या ओळखीचा."

मी शाई घेतली. वरून थेट पाइप काढला. जुन्या इमारतीचं परतीचं पाणी मध्यावरून उचलून तळाला नेलं. कुठे काय होणार हे मला त्या पंचांपेक्षा शंभरपट जास्त कळत होतं, कारण आठ महिने तोच नकाशा मी गिरवला होता. तरी काढलं. एल्मार मागे उभा राहून "वा, वा" म्हणत होता. त्याच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता, आणि मी त्या वासावर राग काढत होते, स्वतःवर काढायचा तो.

गेभार्डला नकाशा बांधकामावर दिसला. त्याने अक्षर ओळखलं असणारच. कचेरीत आला, हात धुतले आणि म्हणाला, "शाळेच्या कामाची मापं काढायचीत उद्या." बस. एक शब्द ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

नोव्हेंबरात पाद्रीबाबांनी बॉयलरवर पवित्र पाणी शिंपडलं. माझी आई नव्या इमारतीत आली. तिची जमीन छान उबदार होती.

डिसेंबरात जुन्या इमारतीत पहाटे चौदा अंश. आश्रम चालवणाऱ्या सिस्टर एवाल्डा विटा तापवून म्हाताऱ्यांच्या पांघरुणात ठेवू लागल्या. आगाता दोन स्वेटरांवर शाल घेऊन बसायची. मुलगा भेटायला आला की म्हणायची, "तुझी टाकी चांगलीच आहे रे, माझंच रक्त पातळ झालंय." जानेवारीत म्हातारा ओथमार, सगळ्यांत जुना गडी, छातीत कफ दाटला म्हणून दवाखान्यात गेला तो परत आला नाही. म्हातारपण, असं लिहिलं गेलं. सिस्टर पंचायतीत गेल्या तर एल्मार म्हणाला, "यंदा थंडीच जास्त आहे, सिस्टर. नव्या बाजूची एक तरी तक्रार आहे का?"

एकही नव्हती.

त्या आठवड्यात एका सकाळी गेभार्ड माझ्या टेबलापाशी थांबला. "ओटिली, माझ्या नकाशाप्रमाणे आधी बसवलेले पाइप फिटरने काढलेत की तसेच आहेत?"

"तसेच आहेत. नुसते व्हॉल्व्ह बंद केलेत."

"कुठले?"

मी चिठ्ठीवर चार व्हॉल्व्ह काढून दिले. त्याने चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. "तूही चल. तो फेरफार तू काढलायस, तुला जास्त माहीत."

एवढंच तो त्याबद्दल आयुष्यात बोलला.

सिस्टरांनी तळघराची किल्ली दिली आणि वर जाऊन जपमाळ ओढत बसल्या. बॉयलर धुमसत होता, दारावर काळं डांबर ओघळलेलं. गेभार्डने टाकीला वर, मध्ये, खाली हात लावला. सगळीकडे सारखीच, आजाऱ्याच्या अंगासारखी कोमट. दोन व्हॉल्व्ह मी बंद केले, दोन त्याने उघडले. मग कुणी परत फिरवू नयेत म्हणून त्याने चारही व्हॉल्व्हच्या मुठी पान्याने काढल्या आणि सिस्टरांच्या शिवणाच्या पेटीत ठेवायला पाठवून दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "रेडिएटरला हात लावता येत नाहीये," एवढंच म्हणाल्या आणि रडू लागल्या.

पंचायतीला कुणी कळवलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी नव्या दालनात कॉफीचा कार्यक्रम झाला. सफरचंदाचा केक, वर फेटलेली साय. दारावर फिटरच्या नावाची पितळी पाटी. एल्मारची आई फिलोमेनाबाई खुर्चीत ऐसपैस बसून सांगत होत्या, "स्वतंत्र पाइपची ऊबच वेगळी हो. स्वच्छ! कुणाची फिरून आलेली नाही, हे पायाला बरोबर कळतं." बायका माना हलवत होत्या. त्यांत माझी आईही होती. तिने तर बूट काढून तळवे जमिनीवर टेकवले आणि डोळे मिटले. मला इतकी शिसारी आली की मी केकची बशी बाजूला सारली. आईची आली, तिच्याहून जास्त माझी.

"सांग ना त्यांना," मी गेभार्डला हळूच म्हटलं. "नाहीतर मी सांगते. आत्ता."

"मग काय होईल?"

काय झालं असतं ते दोघांनाही माहीत होतं. संध्याकाळच्या आत मुठी परत बसल्या असत्या.

एल्मार चिरूट ओढत आला. त्याने गेभार्डच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? चाललं की नाही? उगाच घाबरवत होतास."

"चाललंय," गेभार्ड म्हणाला.

"चुकलो म्हणायला काय जातं रे माणसाचं?"

गेभार्डने बशी खाली ठेवली, तोंड पुसलं. सातही पंच बघत होते. "चुकलो," तो म्हणाला.

ते हसले. तोही थोडा हसला, मग उठून मधल्या दारातून जुन्या इमारतीकडे गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी त्याला बघायला गेले. शेवटच्या खोलीचं दार उघडं होतं. आगाता नुसत्या सुती झग्यात खिडकीपाशी बसली होती, बाहेर बर्फ पडत होतं. तिने नुकतेच केस धुतले होते. पांढरे, ओले केस पाठीवर मोकळे सोडलेले, आणि गेभार्ड मागे उभा राहून सावकाश कंगव्याने त्यांचा गुंता सोडवत होता.