फडताळाच्या आतला लाल

“ही खुर्ची ओरडतेय,” तुवा म्हणाली.

हिल्डिंगने कान दिला. खुर्ची गप्प होती. इतकी वर्षं ती अशीच पिवळीधमक उभी होती, आणि आवाजाची तक्रार शेजाऱ्यांनीही कधी केली नव्हती. तरी त्याने ती उचलून तळघरात नेली.

तुवा विकायला काढलेली घरं सजवून द्यायची. हिल्डिंगला म्हाताऱ्यांच्या इमारतीत खोली मिळाली होती, आणि तुवाला त्याच्या मुलीने स्टॉकहोमहून फोनवरच ठरवलं होतं. आठवड्याभरात घर ओटच्या लापशीसारखं झालं. भिंती लापशी, पडदे लापशी, फुलदाणीत वाळक्या काटक्या.

“निसर्ग आत आणायचा,” तुवा म्हणाली.

हिल्डिंगने खिडकीबाहेर बघितलं. नोव्हेंबरचा निसर्ग नेमका याच रंगाचा होता. म्हणून तर गुनवोरने, त्याच्या बायकोने, घरात जमेल तिथे लाल आणि पिवळा फासला होता. मार्चमध्ये ती गेली. उरलीसुरली ती आता रंगाच्या दोन हातांखाली गेली.

“फडताळाचं आतलं अंग तेवढं राहू दे,” तो म्हणाला. तिथला टोमॅटोसारखा लाल रंग गुनवोरने स्वतः लावला होता. एक ओघळ खालपर्यंत आला होता.

“दार बंद राहील ना?”

“राहील.”

“मग राहू दे. आणि रविवारी लोक घर बघायला येतील, तेव्हा तूही नको, हिल्डिंग.”

“मीही ओरडतो?”

“मालक दिसला की घर कुणाचं तरी वाटतं.”

रविवारी तो बाहेर पडला. वाचनालय बंद, थंडी हाडांत शिरणारी. गावाला फेरी मारून तो परत आला, तर दाराशी रांग. तो रांगेत उभा राहिला. दाराशी उभ्या घराच्या दलालाने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्याने बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या पुढे केल्या. हिल्डिंगने त्या चढवल्या आणि तो स्वतःचं घर बघायला आत शिरला.

“इथं कुणी राहिलंय असं वाटतच नाही,” एक तरुण बाई खूश होऊन नवऱ्याला म्हणाली.

“शांत जोडपं होतं,” दलालाने ठोकून दिलं.

“ती गायची. बेसूर,” हिल्डिंग म्हणाला.

“तू ओळखायचास?”

“भिंतीपलीकडूनही ऐकू यायचं.”

बाईने फडताळ उघडलं. “अगं बाई, आत लाल!”

“उद्याच पांढरं करून देतो,” दलाल म्हणाला.

“मला आवडला,” हिल्डिंग म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. नवरा हसला. “घरात टोमॅटोचं सूप सांडल्यासारखं वाटतंय रे!”

“पांढरंच बरं,” बाई म्हणाली.

हिल्डिंगने पुढे होऊन ओघळावरून अंगठा फिरवला आणि दार हळूच लावलं.

“बोली लावणार का तू?” दलालाने विचारलं.

“लावली असती. पण आतून पांढरं नकोय मला.”

“मग दुसरं एक घर आहे. दाखवतो.”

“नको. मला हेच आवडलं होतं.”

पायऱ्यांवर बसून त्याने पिशव्या काढल्या, नीट घडी करून टोपलीत ठेवल्या. दार ओढून घेतलं आणि सवयीने खिशातून किल्ली काढून कुलपात घातली. आत माणसं बोलत होती. त्याने किल्ली न फिरवता बाहेर काढली, खिशात टाकली, आणि रांगेतल्या माणसांना वाट देऊन बाजूला उभा राहिला.